न सुटलेली बारस: शुगर १७४ असतानाचा कीटोॲसिडोसिस

लातूर आणि धाराशिवच्या मधल्या एका तालुक्याच्या गावातली ही केस. मी फिरता भूलतज्ज्ञ आहे. सकाळी एका गावात सिझर, दुपारी दुसऱ्या गावात हर्निया, रात्री तिसरीकडून फोन, असं आमचं चालतं. पेशंट बहुतेक वेळा टेबलाजवळच पहिल्यांदा दिसतो. त्याआधीचं सगळं फोनवर. या प्रकरणातली पहिली चूकही फोनवरच झाली आणि ती माझी होती, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. कुटुंबाच्या परवानगीनं लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आषाढी एकादशीच्या संध्याकाळी अडुसष्ट वर्षांच्या आजी अंगणात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. वजन ४८ किलो, मधुमेह चौदा वर्षांपासून, बाकी त्रास नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सर्जनचा फोन आला. ‘शुगर १६०, ईसीजी नॉर्मल, बीपी नाही, एचबी साडेदहा. रॉड टाकायचाय. संध्याकाळी येता का?’ मी म्हणालो, येतो. मधुमेहाला कुठली गोळी चालू आहे, हे मी विचारलं नाही. १६० ऐकलं आणि मधुमेहाचं पान मनात बंद झालं.

संध्याकाळची केस झाली नाही. रॉडचा हवा तो साईज आला नव्हता. तो रात्री नऊला आला, तेव्हा लाईट गेली आणि जनरेटरवर सी-आर्म, म्हणजे ऑपरेशनमध्ये लागणारं एक्स-रे मशीन, चालेना. केस दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची ठरली. अशी टोलवाटोलवी तालुक्याच्या गावात रोजची आहे, तिचं मला फारसं वाटतही नाही. पण प्रत्येक वेळी केसपेपरवर ‘एनबीएम’, म्हणजे तोंडानं काही द्यायचं नाही, तसंच राहिलं.

मी पोचलो तेव्हा आजी ओटीबाहेर स्ट्रेचरवर होत्या. नाडी ११८. बीपी १०४/६०. ऑक्सिजन ९७ टक्के, साध्या हवेवर. ताप नाही. सिस्टरनं माझ्यासमोर बोट टोचून ग्लुकोमीटर लावला आणि आकडा माझ्याकडे वळवून दाखवला: १७४. ‘शुगर एकदम कंट्रोलमध्ये आहे सर.’

मला खटकला तो श्वास. दुखणारा माणूस उथळ श्वास घेतो, तोंड वेडंवाकडं करतो, हलवलं की ओरडतो. आजी शांत पडल्या होत्या, पण छाती मात्र पळून आल्यासारखी वर-खाली होत होती, प्रत्येक श्वास खोल. मी घड्याळ धरून मोजले, मिनिटाला ३२. रात्री दोनदा उलटी झाली होती. ती वेदनाशामक ट्रॅमाडॉलच्या खाती टाकली गेली होती. जीभ कोरडी ठक्क. हाक मारली की ‘ओ’ देत होत्या, पण कुठे आहात विचारलं तर म्हणाल्या, ‘दिंडीत.’

सर्जन हात धुवायच्या तयारीत होते. ‘स्पायनल देऊन टाका, चाळीस मिनिटांचं काम आहे.’ स्पायनल म्हणजे पाठीतून द्यायची अर्धी भूल. त्यांचंही चूक नव्हतं. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला खाटेवर ठेवणं म्हणजे न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गाठी आणि पाठीच्या जखमा यांना बोलावणं. या श्वासाची चार कारणं मनात आली: फुप्फुसात रक्ताची गाठ, हाडातली चरबी रक्तात जाणं, हार्ट अटॅक, न्यूमोनिया. ऑक्सिजन ९७ असताना पहिली दोन आणि चौथं जरा लांबची वाटत होती. नवा ईसीजी काढला, नाडी जलद, बाकी काही नाही. छातीत दोन्हीकडे हवा स्वच्छ. फुप्फुसं चांगली, आणि तरी इतका श्वास. म्हणजे शरीर काहीतरी बाहेर फेकायला धडपडतंय, आणि श्वासावाटे बाहेर जाणारी वस्तू एकच, कार्बन डायऑक्साइड. रक्तात आम्ल वाढलेलं असणार.

आजींच्या मुलाला विचारलं, ‘शुगरची गोळी कोणती?’

‘हीच की साहेब. रोज सकाळी एक. काल बी दिली, आज सहा वाजता बी दिली. शुगर वाढू नाई मनून. घोटभर पाण्यासंगं.’

त्यानं शर्टाच्या खिशातून पट्टी काढली. मेडिकलवाल्यानं कात्रीनं कापून दिलेल्या चार गोळ्या, त्यातली एक उरलेली. आपल्याकडे आख्खी पट्टी फार कमी जण घेतात, आणि कात्री नेमकी नावावरून जाते. चंदेरी कागदावर ‘ग्लिफ्लो’ एवढी अक्षरं शिल्लक होती, खाली अर्धवट ‘मेटफॉ’. मला तेवढी पुरली. डापाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी.

ही गोळी आज गावोगाव का पोचली आहे, ते सांगायला हवं. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० च्या ऑक्टोबरात संपलं आणि अनेक कंपन्यांनी ती स्वस्तात बाजारात आणली. औषध चांगलं आहे, यात वाद नाही. २०१९ मध्ये हृदय कमजोर झालेल्या रुग्णांवरच्या आणि २०२० मध्ये किडनीच्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांत तिनं फायदा दाखवला, मधुमेह नसलेल्यांनाही. फिजिशियन लिहितात ते विचार करूनच.

तिचं काम किडनीत चालतं. किडनी दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळते आणि जवळजवळ सगळं परत रक्तात ओढून घेते. त्यातलं नव्वद टक्के ओढणारी जी यंत्रणा, एसजीएलटी-२, तिलाच ही गोळी अडवते. मग रोज साठ-सत्तर ग्रॅम साखर लघवीवाटे निघून जाते आणि रक्तातला आकडा खाली येतो. माणूस दोन वेळ जेवत असेल तर सगळं ठीक. पण जेवण बंद झालं, वर हाड मोडलं, तर? मार लागल्यावर शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं, ग्लुकॅगॉन वाढतं. साखर लघवीतून गळतच असते, त्यामुळे रक्तातली साखर वाढत नाही आणि इन्सुलिनही कमीच राहतं. इंधन म्हणून चरबी जळायला लागते आणि तिच्यातून कीटोन ॲसिड साचतात. एरवीच्या कीटोॲसिडोसिसमध्ये शुगर ४००-५०० होते आणि सगळा दवाखाना धावतो. इथे शुगर दीडशे-पावणेदोनशे दाखवत राहते आणि सगळे निवांत. याचं नाव युग्लायसेमिक, म्हणजे शुगर फारशी न वाढलेला, कीटोॲसिडोसिस. आजींसारख्या बारीक अंगाच्या, जुन्या मधुमेहाच्या माणसाला, ज्याचं स्वतःचं इन्सुलिन आधीच आटत आलेलं असतं, त्याला धोका जास्त.

अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१५ मध्ये या गटातल्या गोळ्यांबद्दल कीटोॲसिडोसिसचा इशारा दिला. २०२० मध्ये लेबलच बदललं: ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन किमान तीन दिवस बंद, अर्टुग्लिफ्लोझिन चार दिवस. २०२४ मध्ये मधुमेहाच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून कीटोॲसिडोसिसची व्याख्या सुधारली. शुगर वाढलेली असलीच पाहिजे असं आता नाही. आधीपासून मधुमेह आहे एवढं पुरतं, सोबत कीटोन ३ मिलिमोलच्या वर आणि रक्त आम्लधर्मी. हे सगळं मला माहीत होतं. परिषदेत ऐकलं होतं, मोबाईलवर पीडीएफही पडून होती. फोनवर विचारायला तेवढं आठवलं नाही.

कॅथेटरच्या पिशवीतली लघवी तपासणीच्या पट्टीवर घातली. ग्लुकोजचा चौकोन पार गडद तपकिरी झाला, चार प्लस. कीटोन तीन प्लस. रक्तात १७४ आणि लघवीत चार प्लस, हे एरवी जुळत नाही. साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय साखर लघवीत अशी उतरत नाही. त्या सकाळचा खरा पुरावा तो चौकोन होता.

सर्जन म्हणाले, ‘उपाशी माणसाच्या लघवीत कीटोन येणारच की.’ मुद्दा बरोबर होता. म्हणून मी आजींच्या सुनेला एका बाजूला घेऊन शेवटचं जेवण कधी, ते विचारलं.

एकादशीला दुपारी एक वाजता वाटीभर भगर आणि शेंगदाण्याची आमटी. संध्याकाळी पडल्या. रात्री दवाखान्यात आल्या तेव्हापासून उपाशी. दुसऱ्या दिवशी द्वादशी, म्हणजे बारस सोडायची. घरी पुरणाची तयारी होती. इथे त्यांना मिळाला अर्धा कप चहा, तोही बिनसाखरेचा, शुगरचा पेशंट म्हणून. सलाईन चालू होतं, पण आरएल, म्हणजे क्षारांचं, बिनसाखरेचं. डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजचं सलाईन, नाही, पुन्हा तेच कारण. मी बोटांवर मोजलं. चव्वेचाळीस तास. साखर लघवीत टाकायची गोळी मात्र तीनही सकाळी वेळेवर.

उपाशी हा शब्द आमच्या धंद्यात फार गोंधळाचा आहे. ‘उपाशी या’ म्हटल्यावर साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेले पेशंट मी पाहिलेत. त्यांच्या हिशेबानं ते उपासाचंच होतं. आणि दुसऱ्या टोकाला या आजी, ज्यांना पोटभर पाणीसुद्धा कुणी देईना. रात्री बारापासून काही नको, ही रूढी आली त्यामागे १९४६ चा मेंडेल्सनचा अभ्यास आहे. न्यूयॉर्कमधल्या ४४,०१६ बाळंतपणांत ६६ बायकांच्या फुप्फुसात पोटातलं गेलं, असं त्यानं नोंदवलं. भीती खरी होती. पण पाणी, गाळलेला रस अशा पातळ गोष्टी जठरातून लवकर निघून जातात. अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटना १९९९ पासून सांगते आहे की असे पातळ पदार्थ दोन तास आधीपर्यंत, हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत चालतं. २०२३ च्या सुधारणेत साखर असलेल्या पातळ पेयांनाही तीच दोन तासांची मुभा आहे. आमच्या भागात आजही वेळ मोजली जाते ती रात्री बारापासून, आणि केस पुढे ढकलली तरी घड्याळ पुन्हा शून्यावर कुणी आणत नाही. मार लागलेल्या, ट्रॅमाडॉल दिलेल्या माणसाचं पोट हळू रिकामं होतं, त्यामुळे थोडी सावधगिरी हवी, हे कबूल. चव्वेचाळीस तास मात्र कुठल्याच पुस्तकात नाहीत.

तालुक्याला एबीजीचं, म्हणजे धमनीच्या रक्तातलं आम्ल आणि वायू मोजायचं, मशीन नाही. मनगटातून रक्त काढलं, सिरिंज बर्फाच्या पिशवीत ठेवली आणि कंपाउंडरला मोटारसायकलवर लातूरला पाठवलं. रिपोर्ट यायला सव्वा तास लागणार होता. तोपर्यंत सलाईन जोरात सोडलं, पहिल्या तासात एक लिटर, आणि दुखण्याचं काहीतरी करायचं ठरवलं.

मांडीच्या वर फॅशिया इलियाका ब्लॉक, म्हणजे तिथल्या नसा बधिर करणारं इंजेक्शन, दिला तर खुब्याचं दुखणं बरंच उतरतं आणि ट्रॅमाडॉल टाळता येतं. हल्ली हे सोनोग्राफीखाली देतात. २०१८ मध्ये टोरोंटोहून आलेला पेंग ब्लॉक तर सोनोग्राफीशिवाय देताच येत नाही. माझ्याकडे सोनोग्राफी नव्हती. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली मशीनची नोंदणी जागेची होते. नोंदवलेल्या जागेबाहेर पोर्टेबल मशीन गाडीत घालून गावोगाव फिरवता येत नाही. त्यावर आम्ही भूलतज्ज्ञ कुरकुरतो. पण शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, हे आठवलं की कुरकुर जरा खाली बसते. मग जुनी पद्धत. कमरेच्या हाडाचं टोक आणि जांघेतला उंचवटा यांना जोडणारी रेघ, बाहेरचा एक तृतीयांश जिथे संपतो तिथून एक सेंटिमीटर खाली बोथट सुई. दोनदा ‘टप्प’ असं हाताला जाणवतं, पहिला मांडीचा पडदा, दुसरा आतला. ०.२५ टक्के बुपिव्हॅकेन, ३० मिली. वीस मिनिटांनी आजींनी स्वतःहून पाय थोडा सरकवला.

श्वास मात्र ३२ च. म्हणजे तो दुखण्याचा नव्हताच.

व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला. पीएच ७.१८, म्हणजे रक्त आम्लधर्मी, कार्बन डायऑक्साइड २२, बायकार्बोनेट घसरून ८, लॅक्टेट १.८. आमच्या लॅबनं सोडियम १३८, क्लोराइड १०४, पोटॅशियम ४.६ दिलं होतं. १३८ मधून १०४ आणि ८ वजा, उरले २६. एवढी मोठी दरी म्हणजे रक्तात न मोजलेलं आम्ल साचलंय, आणि लॅक्टेट जवळपास नॉर्मल, म्हणजे लॅक्टेट वाढवू शकणाऱ्या मेटफॉर्मिनचा दोष नाही. नुसत्या उपासानं बायकार्बोनेट आठवर येत नाही. सर्जननी मोबाईल दोनदा खालवर केला आणि हातमोजे काढले.

स्पायनल दिलं असतं तर? कोरड्या पडलेल्या शरीरात खालच्या रक्तवाहिन्या सैल झाल्या असत्या आणि १०४ चं बीपी कुठे गेलं असतं, सांगता येत नाही. पूर्ण भूल त्याहून वाईट. आजी मिनिटाला ३२ वेळा खोल श्वास घेऊन स्वतःला तोलत होत्या. ट्यूब घालून व्हेंटिलेटरवर मी नेहमीसारखे मिनिटाला १४ श्वास लावले असते, तर कार्बन डायऑक्साइड २२ वरून ४० वर गेला असता आणि पीएच सातच्याही खाली.

मुलाला सांगितलं, आज ऑपरेशन नाही, लातूरला आयसीयूत न्यायचं. तो चिडला.

‘कालपासून शुगर कंट्रोलमदी हाय मनायलालाव, मंग आता कामून नाई? आन् माय खाटेवर किती दिस ठिवायची?’

मी समजावत होतो तेवढ्यात सिस्टरनं माझ्या सांगण्यावरून डेक्स्ट्रोजची बाटली लावली. ती बघून तो आणखीच गडबडला. ‘शुगरच्या पेशंटला ग्लुकोज?’ सिस्टरच्या चेहऱ्यावरही तोच प्रश्न होता. मी म्हणालो, ‘चूल पेटवायला इन्सुलिन लागतं, आणि इन्सुलिन द्यायचं तर चुलीत घालायला साखर पाहिजे. नाहीतर घरातलं सामानच जळत राहील, आत्ता तेच जळतंय.’ शास्त्र म्हणून ही उपमा फार पक्की नाही. पण तो अँब्युलन्समध्ये बसला.

आयसीयूत रक्तातले कीटोन ६.२ भरले. उपचार गुंतागुंतीचे नव्हते, फक्त कुणीतरी दर तासाला बघायला हवं होतं: इन्सुलिन ताशी ५ युनिट, सोबत १० टक्के डेक्स्ट्रोज, शुगर दीडशे ते दोनशेच्या मधे, पोटॅशियम घसरू नये म्हणून भर. शुगर १३० झाली की रात्रपाळीच्या डॉक्टरचा हात इन्सुलिन बंद करायला जातो. इथे तसं करायचं नसतं, डेक्स्ट्रोज वाढवायचं असतं. मी ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पंपाला चिकटवलं. वीस तासांनी दरी भरली, श्वास १८ वर आला आणि आजी दिंडीतून परत आल्या. लघवीतली साखर मात्र गोळी बंद करून तीन दिवस झाले तरी दोन प्लस होतीच.

आणि या तीन दिवसांबद्दल. ‘गोळीचा नियम तीन दिवसांचा, मग खुबा मोडलेल्या माणसालाही तीन दिवस थांबवा,’ असा अर्थ कुणी काढेल, तर तो चूक ठरेल. २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या ‘हिप अटॅक’ नावाच्या चाचणीत १७ देशांतल्या ६९ रुग्णालयांतले २,९७० रुग्ण होते, भारतातलेही. एका गटाची शस्त्रक्रिया निदानानंतर सरासरी सहा तासांत, दुसऱ्याची चोवीस तासांत. मृत्यूंत फरक पडला नाही, ९ आणि १० टक्के. पण लवकर केलेल्यांत भ्रम कमी झाला. म्हणजे घाईनं जीव वाचतो असं नाही, आणि थांबण्यात शहाणपण आहे असंही नाही. माझ्या मते, तातडीच्या केसमध्ये पेशंट आल्या क्षणी गोळी बंद करायची, कीटोन बघायचे, उपाशी ठेवायचंच असेल तर डेक्स्ट्रोज आणि इन्सुलिन सोबत चालू ठेवायचं, आणि कीटोन ठीक असतील तर केस करून टाकायची. आजी आल्या त्या रात्री हे झालं असतं, तर दुसऱ्या दिवशी रॉड पडला असता.

शस्त्रक्रिया पाचव्या दिवशी लातूरलाच झाली. पहाटे साडेपाचला गाळलेलं लिंबूपाणी, साखर घालून. आठला स्पायनल, तिथल्या सहकाऱ्यानं दिलं. मी बाजूला उभा. नातेवाईक विचारतात, अर्धी भूल बरी की पूर्ण? खुब्याच्या फ्रॅक्चरसाठी २०२१ च्या रिगेन चाचणीत १,६०० रुग्णांत साठ दिवसांनी मृत्यू किंवा चालता न येणं हे दोन्हीकडे अठरा टक्क्यांच्या आसपासच निघालं, आणि भ्रमातही फरक नव्हता. आम्ही आयुष्यभर या प्रश्नावर भांडलो. या केसमध्ये तो प्रश्न सगळ्यात बिनमहत्त्वाचा होता. दुपारी एक वाजता आजींनी दुधात कुस्करलेली भाकर खाल्ली. सुनेनं विचारलं, ‘पुरण आणू का?’ फिजिशियननी नको म्हटलं, आजी रुसल्या.

महिन्यानं वॉकर घेऊन त्या तपासणीला आल्या. ती गोळी कायमची बंद केली आहे, आता मेटफॉर्मिन आणि रात्री थोडं इन्सुलिन. शुगर १९० होती आणि मुलाला तो आकडा आवडला नव्हता. सून मात्र वेगळंच सांगत होती. वर्षभरापूर्वी नवी गोळी सुरू झाल्यापासून न्हाणीच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागायची. रॉकेल टाकलं, हळद टाकली, हटत नव्हती.

‘आता नाईत बगा,’ ती म्हणाली. ‘गोळी बंद केली, आन् मुंग्या बी गेल्या.’

सर्जनशी माझं आता एवढंच ठरलं आहे: फोनवर शुगरचा आकडा सांगण्याआधी त्यांनी पट्टीचा फोटो पाठवायचा. परवा एक आला. कापलेली पट्टी, नाव गायब. खाली त्यांनी लिहिलं होतं: ‘मुंग्या विचारल्या. नाहीत. तरी मेडिकलवाल्याला फोन लावलाय.’